तिकीटताईंचा वळसा

एका जातीच्या विमानांत मागच्या दाराच्या बिजागरीला भेगा सापडल्याची बातमी आली, आणि विमानाची तिकिटं विकणाऱ्या तिकीटताईंच्या दुकानात चौकशीची गर्दी वाढली. औषधवाला आणि चावीवाला यांच्यामधली ती चिंचोळी खोली. काचेचं टेबल, कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची पारख वेगळी. एक आजोबा वैमानिकाचे केस पांढरे आहेत का, ते विचारत. एक बाई आधी विमानाचं वय विचारत, स्थळाची चौकशी करावी तसं.

"ताई, माझ्या कुलपांबद्दल कुणी एवढं विचारत नाही," चावीवाला म्हणे.

"तुमची कुलपं उडत नाहीत, भाऊ."

ताई सगळ्यांना एकच सांगत, "दोष सापडला, म्हणजे तपासून दुरुस्त करतात. तपासल्याशिवाय उडूच देत नाहीत." लोक मान डोलवत आणि तिकीट काढत.

मग दूर दुसऱ्या शहरात ताईंच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "मला आत नेतील तेव्हा दाराशी तू हवीस." थेट जाणारं विमान नेमकं त्याच जातीचं. कुणी गिऱ्हाईक येत नाही ना, म्हणून ताईंनी दुकानाच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि मध्ये विमान बदलावं लागणारं, वळशाचं तिकीट काढलं.

"सरळ जातं की एक," नवरा म्हणाला.

"वेळ जमत नव्हती."

त्यानं बॅगेत खाण्याचा आणखी एक डबा भरला.

पहिला टप्पा बरा गेला. दुसऱ्या विमानात चढण्याआधी घोषणा झाली, काही कारणाने विमान बदललंय. ताई जागेवर बसल्या, समोरच्या खिशातलं सूचनांचं कार्ड उचललं आणि त्यावरचं विमानाचं नाव वाचलं. तीच जात. उतरायचं तर आत्ताच, आणि उतरल्या तर बहीण सकाळी एकटीच आत जाणार.

शेजारी मांडीवर बाळ घेतलेली मुलगी होती. "मावशी, हे ते दाराचं विमान नाही ना?"

'नाही' ताईंच्या ओठांवर आलं होतं. "तेच आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"तिकिटं विकते मी."

"आणि तरी बसलात?"

"टाळायला म्हणूनच वळशानं निघाले होते. तर हेच पुढ्यात आलं."

मुलगी हसली. "म्हणजे भीती तुम्हालाही वाटते."

"वाटते. पण तपासलंय, हेही खरं आहे."

"बरं झालं बाई. मला वाटलं मीच वेडी. जरा धरता याला? पट्टा लावते."

बाळ हातात आलं, त्यानं ताईंच्या चष्म्याची काडी मुठीत पकडली आणि उतरण्याचा विषय तिथेच राहिला.

सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर, चाकांच्या पलंगावरून बहीण म्हणाली, "किती उशीर."

"वळसा पडला," ताई म्हणाल्या आणि तिचा हात धरून दारापर्यंत चालत गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. परतीचं तिकीट ताईंनी तिथूनच काढलं, थेट विमानाचं. मागच्या दाराजवळचीच जागा शिल्लक होती. घेतली.