माझ्या ढिगातला किडा

‘बघून सांगतो,’ हे सरांचं ठरलेलं उत्तर. ‘जेवलात का?’ विचारलं तरी तेच म्हणायचे आणि खरोखर आत जाऊन ताट बघून यायचे. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

नव्वदच्या दशकात कोपरखैरण्यात ते आमच्या शेजारी एकटेच राहत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. माझी केळी पिकवायची खोली घरामागेच होती. सडकी केळी, पानं, दांडे मी बाजूच्या माझ्याच मोकळ्या जागेत टाकायचो.

एका सकाळी बायको धावत आली. “अवो, सर आपल्या कचऱ्यातनं किडं पितायत!”

जाऊन बघतो तर सर ढिगाशी उकिडवे बसलेले. तोंडात रबरी नळी, नळीला बाटली. मला बघून त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. मग नळी काढून म्हणाले, “पीत नाही हो. मधे जाळी आहे. ओढला की बाटलीत पडतो.”

बाटलीत मुंगीएवढा काळा भुंगेरा. आखूड पंख, आणि शेपूट विंचवासारखं वर.

“चावतो काय?”

“बघून सांगतो.”

चावण्याचं राहिलंच. पावसाळा सरताना त्यांनी सांगितलं ते भलतंच. हा किडा जगातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. सापडला होता तो फक्त माझ्या ढिगात!

पण त्या जागेवर मला गोदाम बांधायचं होतं. मी लगेच सौद्याला लागलो. “ढीग ठेवतो. बदल्यात किड्याला नाव माझं.”

“सौदा कशाला? तुमचंच देणार होतो.”

डोक्यावर घड वाहून मी धंदा उभा केला. घासाघीस न करता मला कुणी काही दिलेलं नव्हतं.

मग सर सूक्ष्मदर्शकावर वाकले. किड्याच्या अंगावरचा केस न् केस कागदावर काढत होते. नराचं पोट उघडून आतलं जननेंद्रियही बघावं लागतं, त्यावरूनच जात ठरते, म्हणाले.

“शी! लाज नाही वाटत?”

“कुणाला? त्याला की मला?”

इकडे मार्केटात मला ‘किडाशेठ’ म्हणायला लागले होते. सर मात्र रोज सकाळी कुंपणाशी येऊन विचारत, “आज ढीग हलवणार नाही ना?” चेहरा ओढलेला, डोळे लाल.

एके दिवशी मी जेवत असताना ते आत आले. “शेठ, तोच किडा श्रीलंकेत कुणीतरी आधीच छापलाय. ज्याचं आधी छापलं, त्याचंच नाव चालतं.”

“मग माझं नाव?”

“गेलं.”

“आणि तुमचे एवढे महिने?”

“तेही गेले.”

मी ताट सरकवून उठलो. “केस ठोका त्याच्यावर! माझ्या ढिगातला माल आहे!”

आणि सर हसत होते. डोळ्यांत पाणी, तरी हसत होते. “अहो, तो तिकडेही आहे! मला वाटायचं, ढीग गेला की जगातूनच गेला. झोप लागायची नाही. आता बांधा तुमचं गोदाम.”

मी खरकट्या हातानं तसाच उभा राहिलो. एवढं नुकसान हसत घेणारा माणूस मी कुठल्याच बाजारात पाहिला नव्हता.

गोदाम झालं. पुढच्या वर्षी सर गेले. श्रीलंकेतल्या त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

कधीतरी केळ्याच्या दांड्यावर एखादा काळा ठिपका शेपूट वर करून पळतो. मी हात वर करतो, हमाल थांबतात. “तोच काय, शेठ?” विचारतात.

बघून सांगणारं आता कुणी नाही.