बाबांनी हातानं गुंडाळलेला स्टॅबिलायझर

भोपाळच्या इंद्रपुरीत ज्याच्या घरी स्वतः तारा गुंडाळून केलेला स्टॅबिलायझर नाही, त्याला पूर्वी कुणी मुलगी देत नसे. निदान आमचे बाबा तरी असंच सांगतात. कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बांधण्यात त्यांची उभी हयात गेली. रिटायर झाल्यावर घरासाठी त्यांनी जो स्टॅबिलायझर केला, तो इतका वजनदार निघाला, की तेव्हापासून आमच्या बैठकीत लाडू खाली पडला तर घरंगळत थेट त्याच्याच पायाशी जातो. व्होल्टेज उतरलं की तो आतून 'खट्' करतो आणि वर उचलून देतो. टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर, सगळे त्याच्याच आश्रयाला.

मागच्या मे महिन्यात माझ्या बायकोची ऑनलाइन मुलाखत होती, दुपारी तीनला. ती फिजिक्स शिकवायची. मुलीच्या वेळी सुटलेली नोकरी परत मिळवायची ही पहिलीच संधी. आणि नेमके अख्ख्या भोपाळचे कूलर चालू, व्होल्टेज तळाला! पंखा असा फिरत होता, की पात्यावर बसलेली माशी कंटाळून चालत निघून गेली. मी या खोलीतून त्या खोलीत. घरातल्या घरात शेजारच्या पिपलानी वस्तीपर्यंत जाऊन आलो असेन.

अडीचला कॉम्प्युटर बंद पडला. चालू केला, पुन्हा बंद.

"व्होल्टेज पडतंय," बाबा म्हणाले. "याच्यापुढे आणखी एक स्टॅबिलायझर लावू."

"बाबा, थांबा जरा," बायको म्हणाली. "पंखा मघापासून मेलाय, तरी कॉम्प्युटर छान चालू होता. तुमचं खट् झालं की बंद पडतो."

"माझं खट्?"

तिनं वाकून कॉम्प्युटरच्या डब्यामागचं लेबल वाचलं. "शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. याच्या आतला पॉवर सप्लाय कमी व्होल्टेजमध्ये जास्त करंट ओढून निभावतो. पण खट् होताना क्षणभर काहीच येत नाही, आणि व्होल्टेज कमी असलं की त्याच्याकडे साठलेली शिल्लकही तुटपुंजी. कोसळणारच ना!"

"आणि लाइट परत येताना झटका बसला तर?"

"स्पाइकगार्ड आहे की. झटका स्वतःवर घेऊन जळतो बिचारा."

बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. तीनला दहा मिनिटं उरली होती. शेवटी त्यांनीच उठून स्टॅबिलायझरमधून कॉम्प्युटरची पिन उपटली आणि स्पाइकगार्डमध्ये खुपसली. दात उपटल्यासारखा चेहरा करून.

मुलाखत सुरू झाली. दाराबाहेर आम्ही दोघं. मध्येच ट्यूबलाइट फडफडून विझली, पंखा तर उलटा फिरतोय की काय असं वाटलं. बाबांनी माझं मनगट इतकं आवळलं, की घड्याळ अजून वाकडं चालतं. आतून तिचा आवाज मात्र सलग येत राहिला.

दार उघडून ती बाहेर आली. "झाली पूर्ण. एकदाही तुटली नाही."

बाबांनी खाकरून स्टॅबिलायझरवर हात ठेवला. "तुटेल कशी? इतकी वर्षं कॉम्प्युटर याच्या शेजारी राहिलाय. तयार केलंय त्याला यानं."

तिनं मान डोलावली. म्हणाली, "हो ना बाबा, आता फ्रिजला तयार करू द्या याला."