डोमाजींनी पाहिलेलं

राग आला की डोमाजी खाली बसत. रस्त्यात असोत, बाजारात असोत की ग्रामसभेत. समोरचा तावातावाने बोलत असायचा आणि हे खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर घेऊन भुईवर टेकायचे. भंडारा जिल्ह्यात, करडी गावाच्या पुढे, त्यांच्या गावात मी शिक्षक म्हणून गेलो आणि त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा मला वाटलं, यांचे गुडघे दुखत असावेत. एकदा विचारलंच. म्हणाले, "उभ्या मानसाचा हात लवकर उठते गुरुजी. बसला का उठत नाई."

ढिवरांच्या मासेमारी सोसायटीचे ते बरीच वर्षं अध्यक्ष. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. भाऊ वारल्यावर पुतण्याला, दिनेशला, त्यांनीच वाढवलं. दोघं एकाच डोंग्यातून तलावात जात. दिनेशचं लग्न झालं तरी तो जेवायला काकाची वाट बघत थांबायचा.

तलावाचं पाणी शेतकऱ्यांच्या धानालाही लागायचं आणि ढिवरांच्या मासोळीलाही. दरवर्षी बैठकीत किती पाणी सोडायचं ते ठरे, आणि ठरलेलं दोन्हीकडून पाळलं जाई ते डोमाजींमुळे. "बोललो ना, मंग झालं," एवढंच ते म्हणत.

एका वर्षी पावसाने ऐन वेळी दगा दिला. लोंब्या भरायच्या वेळी धान सुकायला लागलं आणि तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, कोणीतरी गुपचूप उघडलं. सकाळी तलावाच्या बांधावर, पाळीवर, दोन्हीकडची माणसं जमली. डोमाजी मधोमध बसून सांगत राहिले, "हात नोका लावू. बोला." पण धक्काबुक्की झाली आणि शामराव नावाच्या शेतकऱ्याचं डोकं फुटलं. सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. नेमकं तेवढंच कोणाच्या मोबाइलात आलं नाही. ढिवर म्हणाले, पाय घसरून पडला.

त्याच आठवड्यात ग्रामसभा झाली. शामराव अजून नागपूरच्या दवाखान्यात होते. सरपंचांनी डोमाजींना विचारलं, तुम्ही काय पाहिलं? दिनेश समोरच बसला होता.

डोमाजी उभे राहिले. "दिनेशनं वल्हं मारलं. मी पाह्यलं."

शेतकऱ्यांच्या बाजूने टाळ्या पडल्या. डोमाजी तिकडे वळले. "टाळ्या कायले वाजवता? तुडुम तुमच्यातल्याच दोघांनं खोललं. तेबी मी पाह्यलं." आणि त्यांनी त्या दोघांची नावं घेतली. टाळ्या थांबल्या.

पोलिसांनाही त्यांनी हेच सांगितलं. दिनेश जामिनावर सुटून आला आणि बायकोला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. सोसायटीने डोमाजींना काढून टाकलं. शेतकरीही त्यांना रोवणी-कापणीला बोलवेनासे झाले. ते चहाच्या टपरीवर गेले की चाललेलं बोलणं थांबायचं, म्हणून त्यांनी टपरीच सोडली. एके दिवशी त्यांचा डोंगा कोणीतरी कुऱ्हाडीने फोडला. तक्रार करा, मी म्हटलं.

"लाकूड होतं, फुटलं. त्याचा राग तिथंच निघाला असन तं बरंच झालं."

संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर येऊन बसत. मी पेपर वाचून दाखवायचो, पण त्यांचं लक्ष नसे. एकदा आपणहून म्हणाले, "खरं सांगाले दम लागत नाई गुरुजी. मंग घर सुनं होते ना, त्याले लागते."

शामराव बरे होऊन आले. पुढे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि भंडाऱ्याला कोर्टात शामराव आणि दिनेश दोघांनीही सांगितलं, पाय घसरला होता. प्रकरण मिटलं. पाळीवर दोन्ही बाजूंचं एकत्र जेवण झालं. मला बोलावणं होतं, डोमाजींना नव्हतं.

जेवून परतलो तर ते दारात जाळं सांधत बसलेले. डोंगा नव्हता, सोसायटी नव्हती, तरी सांधत होते.

"पोरगा सुटला ना?"

"सुटला."

"बरं झालं. शामराव जेवले?"

"दिनेशच्या शेजारीच बसले होते."

त्यांनी मान हलवली. दोन-तीन गाठी मारल्या. मग जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "आता सारेच म्हनतेत, पाय घसरला. शामराव बी म्हनते. कदी कदी मले वाटते, मीच तं चुकीचं नाई पाह्यलं?"

"नाही, डोमाजी. तुम्ही बरोबरच पाहिलं."

त्यांनी माझ्याकडे मायेने बघितलं. "तुमी तं तिथं नव्हते, गुरुजी."

त्यानंतर माझी अड्याळकडे बदली झाली. गेल्या हिवाळ्यात डोमाजी गेल्याचं कळलं, तसा मी मोटारसायकल काढून गेलो. माणसं थोडीच होती. अग्नी दिनेशने दिला. परतताना गावातल्या नव्या शिक्षकाने विचारलं, कसे होते हो हे? कोणीतरी म्हणालं, "मानूस चांगला होता, पन जरासा हेकेखोर." कशाबद्दल, ते कोणी सांगितलं नाही.

दिनेश पुढेच चालत होता. त्याने ते ऐकलं. हातपाय धुवायला सगळे तलावात उतरले, एकेक करून वर आले, गावाच्या वाटेला लागले. तो तेवढा गुडघाभर पाण्यात, आमच्याकडे पाठ करून, उभाच राहिला.