समासातली कानडी

माझा पीएच.डी.चा विषय ठरला तेव्हा कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात बातमी अशी पोचली की मी बाटले. विषय होता सीमाभागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा, म्हणजे गावोगावच्या चर्चचा, इतिहास. हा नुसता अभ्यास आहे, असं मी वडिलांना तीनदा समजावलं. तरी हळदीच्या वावरातून आल्यावर पाय धुता धुता ते विचारायचे, "मग तू आता त्याहीच्या देवाला मानून राहिलीस का?" मी नाही म्हणायचे आणि त्यांचं समाधान व्हायचं नाही.

नांदेडला मी इतिहास शिकवते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर धड चार पुस्तकं नव्हती. लातूरला एका निवृत्त पाळकांकडे भिंतभर पुस्तकं आहेत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी गेले. ऐंशी ओलांडलेले, एकटे राहणारे गृहस्थ. बाहेरच्या खोलीत खाट, गॅसची शेगडी आणि खिडकीजवळ एक टेबल, आतल्या खोलीत काचेची चार कपाटं. पहिल्या शतकांतल्या धर्मपरिषदांचे वृत्तांत, पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्याच्या सिद्धांतावरचे जाडजूड खंड, मिशनऱ्यांचे इतिहास, सगळं इंग्रजीत. पाळकांच्या वडिलांनी ते जमवलेलं होतं. हे वडील मूळचे बीदरकडचे, देगलूर-उदगीरच्या बाजूच्या खेड्यांतून सायकलवर उपदेश करत फिरलेले. प्रत्येक पुस्तकाच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात कानडीत टिपा लिहून ठेवल्या होत्या.

पाळकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पुस्तक घराबाहेर जाणार नाही, इथं बसून वाचायचं. तीन वर्षं मी तेच केलं. एक शनिवार आड सकाळच्या एसटीनं जायचं, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, संध्याकाळी परत. ग्रीक शब्दातल्या एका अक्षरावरून बिशपांनी एकमेकांना हद्दपार करवलं, हे मी तिथं वाचलं आणि परतीच्या एसटीत चाकूर येईपर्यंत तेवढाच विचार करत होते. पाळक चहा आणून ठेवायचे, पुस्तकाचं नाव बघायचे, मान हलवायचे. ती खोली मला माझी वाटायला लागली होती.

मग तो आला. दोष माझाच. लातूरच्या एका चर्चासत्रात निलंग्याचे एक शाळामास्तर भेटले. माझ्याच वयाचे, ऊस लावणाऱ्या घरातले. त्यांना याच विषयाची आवड होती, पदवीबिदवी काही नको होती. आपण कुठल्या कपाटांतून वाचतो हे त्यांना दाखवून द्यायचा मोह मला आवरला नाही. मीच पत्ता दिला.

त्या माणसाला कानडी वाचता येत होतं. आणि पाळकांना, ज्यांच्या घरात लहानपणी कानडीच बोलली जायची, ते वाचता येत नव्हतं, कारण त्यांची शाळा सगळी मराठीत झाली होती. आपल्या वडिलांनी काय लिहून ठेवलंय हे त्यांना आयुष्यभर कळलं नव्हतं. मास्तरांनी पहिल्याच भेटीत एक टीप वाचून दाखवली तेव्हा मी तिथंच बसले होते. पाळकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आणखी वाचा."

दोन महिन्यांनंतरच्या एका शनिवारी मी गेले तेव्हा एका कपाटात तीन खंडांची जागा रिकामी होती. मी विचारलं. पाळक सहज म्हणाले की मास्तरांनी घरी नेलेत, वाचून उतरवून घेतात आणि शनिवारी येऊन ऐकवतात. मी समोरचा चहा तसाच बाजूला सारला. तीन वर्षांत एक पानसुद्धा मला त्या उंबऱ्याबाहेर नेता आलं नव्हतं. आणि हा दोन महिन्यांत पिशवी भरून नेतो.

त्यानंतर मला त्यांचं सगळंच खुपायला लागलं. ते पाळकांना कानडीत "अज्जा", म्हणजे आजोबा, म्हणायचे, मी "साहेब" म्हणायचे. ते आले की आतल्या खोलीतून कानडी बोलणं आणि हसणं ऐकू यायचं आणि मी एकच परिच्छेद पाच वेळा वाचायचे. माझ्याशी ते अदबीनं वागत, त्याचाही मला राग येई. शिकवताना, भाजी निवडताना, एसटीत, मी त्यांच्यात खोट शोधत होते.

एका दुपारी त्यांनी मला फोनवर एका पानाचा फोटो पाठवला. देगलूरकडच्या एका गावातल्या जुन्या मंडळीबद्दलचं पान होतं, मला हवं तेच. समासात कानडीत पाच नावं होती आणि खाली मास्तरांनी मराठीत लिहिलं होतं की बाप्तिस्मा घेतलेल्यांची ही नावं आहेत, तुमच्या कामाचं दिसलं म्हणून पाठवतोय, पुढं कुणाला पाठवू नका.

पुढच्या शनिवारी मी तो फोटो पाळकांना दाखवला. खालचा मजकूर दिसू दिला नाही. मी म्हणाले, "साहेब, बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या नावांची ही पानं मोबाईलवर फिरायला लागलीत."

कुणी कुणाला पाठवलं ते मी बोलले नाही. पाळकांनी विचारलंही नाही. ते बराच वेळ नावांकडे बघत राहिले, वाचता येत नसताना. मग म्हणाले की त्या घरांतली नातवंडं आज ही गोष्ट गावात सांगत नाहीत, सांगण्यासारखे दिवसही नाहीत, आणि माझ्या घरातून ती नावं बाहेर जाणं मला चालणार नाही. त्यांनी मास्तरांना बोलावून खंड परत घेतले आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं.

आणि मला म्हणाले, "तू ने घरी. तुझ्यावर भरवसा आहे माझा."

मी नेले. नांदेडला माझ्या टेबलावर ते खंड एकावर एक रचून ठेवले आणि पहिले काही दिवस येता जाता नुसता हात फिरवत होते. लाज वाटली नाही, खोटं कशाला सांगू. जिंकल्यासारखंच वाटत होतं.

मग एका खंडात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या जुन्या साधूंबद्दलचं प्रकरण आलं. माणसाला पाडणाऱ्या आठ विचारांची यादी त्यांच्यातल्या एकानं केली होती. खादाडपणा, राग, गर्व असं सगळं त्यात होतं. मत्सर नव्हता. पुढं सुमारे दोनशे वर्षांनी एका पोपनं ती यादी नव्यानं मांडली तेव्हा त्यात मत्सर घातला. आपल्या षड्रिपूंत तो पहिल्यापासून असल्यानं मला नवल वाटलं. एकट्यानं राहणारा मत्सर कुणाचा करणार, म्हणून राहून गेला असेल का? मत्सर घातल्याच्या त्या वाक्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या आणि समासात कानडीची एक लांब ओळ होती.

ती ओळ मला काही सुचू देईना. नांदेडला कानडी जाणणारं कुणी सापडलं असतं. पण पान बाहेरच्या माणसाला दाखवायचं कसं? तोच आरोप तर मी एकावर केला होता. आठ दिवसांनी मी मास्तरांना फोन लावला. त्यांनी काही विचारलं नाही. शनिवारी लातूरला येतो एवढंच म्हणाले.

लातूरच्या बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये मी खंड उघडून त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी बोटानं ओळ धरली, मनात वाचली आणि त्यांना हसू आलं. "लिहिलंय, हे पान धाकट्या भावाला दाखवू नये."

मीही हसले. मग फोटोची गोष्ट सांगून टाकली, पहिल्यापासून, खालचा मजकूर झाकला होता त्यासकट. मास्तर पुस्तकाकडेच बघत होते.

"मला माहीत होतं, मॅडम," ते म्हणाले. "तो फोटो तुमच्याशिवाय कुणालाच पाठवला नव्हता."

"मग साहेबांना बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? पाठवला तर मीच होता." मग म्हणाले, "पण अज्जांच्या वडिलांचं अर्धंच वाचून झालंय. त्यांचं वय बघा."

हे मात्र मला लागलं. इतके दिवस मी त्यांच्या हातातली पुस्तकं काढून घेतली असंच समजत होते. खरं तर मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या कानावर येणारा बापाचा शब्द तोडला होता.

तिथून मी एकटीच पाळकांकडे गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं की त्या पानावर काय लिहिलंय. मी सांगितलं. मग त्यांना काका, वडिलांचा धाकटा भाऊ, आठवला. काकाला पाळक म्हणून हुमनाबादेकडची मोठी मंडळी मिळाली होती आणि वडील त्याच्याशी दोन वर्षं बोलत नव्हते, हे त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. शेवटी म्हणाले, "सगळे खंड परत आण. वाचायला ये, टेबल तिथंच आहे. घरी न्यायला काही मिळणार नाही."

मी खंड परत नेऊन दिले. मास्तर पुन्हा येऊ लागले, पुस्तकं पुन्हा निलंग्याला जाऊ लागली. मी खिडकीजवळ बसून वाचत राहिले, आणि आतून हसणं ऐकू आलं की पूर्वीसारखंच खुपायचं. कबुली दिल्यावर ते थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. फरक एवढाच पडला की मी त्यावर काही केलं नाही.

पाळक मागच्या हिवाळ्यात गेले, शेवटच्या कपाटातली शेवटची टीप ऐकून झाल्यावर काही आठवड्यांनी. पुस्तकं त्यांच्या इच्छेप्रमाणे एका धर्मशिक्षण संस्थेला गेली. खोकी आम्ही दोघांनीच बांधली. त्या दिवशी मास्तरांनी मला एक वही दिली. माझ्या दोन प्रकरणांना लागणाऱ्या सगळ्या टिपांचा मराठी तर्जुमा त्यात होता, सुवाच्य अक्षरात, माणसांची नावं वगळून.

मी प्रबंध पूर्ण केला. ती दोन्ही प्रकरणं त्या वहीवर उभी आहेत आणि परीक्षकांनी नेमकं त्यांचंच कौतुक केलं. पानापानाला तळटीपेत मास्तरांचं नाव लिहावं लागलं. एकदाही गाळलं नाही, आणि एकदाही सुखानं लिहिलं नाही.