बारदान वजा

वजनकाट्यावर चढण्याआधी ते खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, बटणांचा मोबाईल, कानावरची पेन्सिल, सगळं खिडकीत ओळीने मांडायचे. मग शर्ट, त्यामागून बनियन. उघड्या अंगाने काट्यावर उभं राहायचं, आकडा मोठ्याने वाचायचा आणि मला फर्मावायचं, "आता पँटीचं तीनशे गिराम बारदान वजा करा, सर."

"आणि करदोड्याचं?"

"त्याचं काय वजन! ऱ्हाऊ द्या."

ते मार्केट यार्डात मापाडी होते. कांदा गोणीत भरून काट्यावर येतो, मापाडी वजन घेतो, त्यातून रिकाम्या गोणीचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करतो. किती वजा करायचं यावरून यार्डात रोज तोंडं वाजतात. आमचे मापाडी जेवढं बारदान तेवढंच धरायचे, वर चिमूटभर नाही. त्यामुळे व्यापारी त्यांच्यावर चिडून असायचे आणि शेतकरी त्यांच्याच काट्यापुढे रांग लावायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी मात्र त्यांना पाहिलं ते जिममध्ये, राहुरीत खताच्या दुकानाच्या माडीवर, सकाळी सहाला.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. शुगर निघाली, डॉक्टरांनी झापलं, म्हणून जिम लावली. लेकीने फोनवर व्यायामाचं अ‍ॅप टाकून दिलं आणि त्याचं मला वेडच लागलं. त्यात सुपरसेट म्हणून प्रकार असतो. दोन व्यायामांची जोडी लावायची, एक झाला की मधे न थांबता दुसरा, आणि मगच दम खायचा. असे चार-पाच व्यायाम एका दमात ओळीने केले की ते सर्किट. अ‍ॅप पुढचा व्यायाम सांगतं, सेकंद मोजतं, शेवटी शाबासकी देतं. मला शिस्त आवडते. वर्गातही आवडते, म्हणून पोरं मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. माझा पहिला व्यायाम संपवून दुसऱ्यासाठी वळलो, तर बाकड्यावर मापाडी बसलेले.

"उठा, माझा सुपरसेट आहे."

"बाकडं काय नावावर हाय का तुमच्या?"

मी त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी ती बिलाची पट्टी वाचावी तशी वाचली. मग म्हणाले, "मंग माजा येयाम पण त्याच्यातच टाका की. तुमी एक करा, मी एक करतो. जोडीची जोडी झाली."

आणि मी टाकला! माझं डंबेल, त्यांच्या बैठका, अशी एकाच फोनमध्ये जोडी लावली. मी करत असताना त्यांनी दम खायचा, ते करत असताना मी. सुपरसेट असा करायचा नसतो हे मला कळत होतं. पण मधली विश्रांती आयती मिळत होती, तेव्हा मी कशाला बोलतोय! पुढे सर्किटही तसंच लावलं, तीन व्यायाम त्यांचे, दोन माझे.

अ‍ॅपला बिचाऱ्याला वाटायचं, हे सगळं एकच माणूस करतोय. महिनाअखेर त्याने लेकीच्याही फोनवर माझं एवढं कौतुक केलं की लेकीचा घाबरून फोन आला. "बाबा, इतकं वजन उचलताय? वय काय तुमचं?"

मापाडी शेजारी उभे राहून ऐकत होते. "माजी पोती तुमच्या नावावर चढली, सर," म्हणाले आणि पोट धरून हसले. पोट तेव्हा होतंच धरण्याजोगं. अ‍ॅपमध्ये मी त्यांच्या वजनाचा वेगळा रकाना केला होता. त्यात पहिला आकडा एक्क्याण्णवचा.

ते पोट कशासाठी उतरवायचंय हे मला पुढच्या महिन्यात कळलं. सर्किट संपलं की अ‍ॅप दोन मिनिटं विश्रांती देतं. हे मिनिटभरातच पुन्हा बैठकांना सुरुवात करायचे. मी रागावलो की म्हणायचे, "आराम माल संपल्यावर." यार्डातली सवय. एकदा त्यांचे पाय लटपटायला लागले तेव्हा मी फोनच बंद केला. "कसली घाई आहे हो एवढी?"

तेव्हा खाली बसून त्यांनी सांगितलं. धाकटी बहीण राहात्याला दिलेली. तिचं यकृत निकामी होत चाललं होतं. घरच्यांची रक्तं तपासली, जुळलं फक्त यांचं. पण यांच्या यकृतावर चरबी. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऐंशीवर या, मग पुढच्या तपासण्या करू आणि तुमच्यातला तुकडा तिला देऊ.

"अकरा किलो, सर. गोनीतनं काडता आलं असतं तर एका घटकंत काडलं असतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या रकान्यात ऐंशीचं ध्येय टाकलं आणि त्यांच्यावर वर्गासारखी नजर ठेवली. ताक किती, भाकरी किती, सगळं विचारायचो. दर गुरुवारी वजन. आकडा हळूहळू उतरत होता, फक्त रविवार आडवा यायचा. रविवारी ते बहिणीला भेटायला जायचे आणि ती, स्वतःला घास गिळवत नसताना, भावासाठी शेंगोळी करून ठेवायची.

एकदा तिचा फोन आला. मापाडी बैठकांत होते म्हणून स्पीकरवर घेतला.

"दादा, किती झालं?"

"त्र्याऐंशी."

"अगं बाई! लई वाळला असशील. ये रविवारी, शेंगोळी टाकते."

"अगं, तुज्यासाठीच चाललंय ना हे!"

"मंग माज्यासाठीच खा दोन घास."

ते गेले, जेवले, अर्धा किलो वाढवून आले आणि सोमवारी दोन सर्किटं जास्त केली. "न्हाई म्हनलं की रडती वो ती," एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी रागावलो नाही.

मग तो गुरुवार. किल्ल्या, मोबाईल, पेन्सिल, शर्ट, बनियन. काट्यावर ऐंशी किलो तीनशे ग्रॅम.

"पँटीचं बारदान वजा!" ते ओरडलेच. "ऐंशी, सर! ल्ह्या ऐंशी! मी आत्ता पुन्याला फोन लावतो."

आणि मी, भूगोलाचा मास्तर, म्हणालो, "थांबा. तिथे पँटीसकटच काट्यावर उभं करतील. ऐंशीच्या वर आकडा दिसला तर परत पाठवतील. उगाच हेलपाटा कशाला? पुढच्या गुरुवारी नक्की बसेल."

त्यांनी मोबाईल हातात घेतला होता. बटणावर अंगठा होता. माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे पाहिलं.

"बरुबर हाय. माप म्हंजे माप," म्हणाले आणि मोबाईल खिशात टाकला. मी रकान्यात ऐंशी पूर्णांक तीन लिहिलं.

मंगळवारी बहीण गेली. जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. बुधवारी सकाळी मला जिमवाल्याकडून कळलं. मी डंबेल खाली ठेवलं. मग काय करावं ते न सुचून परत उचललं आणि उरलेला व्यायाम पूर्ण केला. खरं सांगतो, रडूबिडू काही आलं नाही. घरी जाऊन चहा प्यायलो, कॉलेजात जाऊन नकाशावाचन शिकवलं. पोरांना काही वेगळं वाटलं नसावं.

तेराव्यानंतर मापाडी एकदा आले. डोकं भादरलेलं. आले ते थेट काट्यावर चढले, चपला, शर्ट, किल्ल्या, सगळ्यासकट. आकडा वाचलाच नाही.

"ल्ह्या, काय असंल ते."

मीही नाही पाहिला.

मग बाकड्यावर बसून सांगितलं, बहिणीच्या दोन पोरी आहेत, दाजी कामावर गेले की घरी कोणी नसतं. "तिकडंच ऱ्हातो आता. राहात्याच्या मार्केटात काम मिळतंय म्हनतात."

मला जे बोलायचं होतं ते मी बोलायला लागलो. "मापाडी, त्या गुरुवारी मी जर..."

"न्हाई, सर." त्यांनी हात वर केला. "तपासन्यांनाच म्हैना लागनार हुता. डाक्टरच म्हनले. तुमचं माप बरुबर हुतं."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. उठताना त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, "माज्या बैठका सोडू नका," म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्याला आता वर्ष होत आलं. राहाता काही लांब नाही. मी गेलो नाही.

जिमला रोज जातो. शुगर आटोक्यात आहे. अ‍ॅपमधली जोडी मात्र मोडलेली नाही. माझं डंबेल झालं की स्क्रीनवर येतं, बैठका, पंधरा. बैठका मला जमत नाहीत, गुडघा दुखतो. मी बाजूला उभा राहतो, पंधरा बैठकांना त्यांना लागायचा तेवढा वेळ थांबतो, 'झालं'चं बटण दाबतो आणि पुन्हा डंबेल उचलतो.

गेल्या गुरुवारी डंबेल झाल्यावर बाकड्यावर बसून मी त्यांचा वजनाचा रकाना उघडला. शेवटचा आकडा माझ्याच हातचा, ऐंशी पूर्णांक तीन. पूर्णांक तीन खोडलं. फक्त ऐंशी ठेवलं आणि सेव्ह केलं.

लगेच स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडायला लागले. ध्येय पूर्ण झालं म्हणून अ‍ॅपने माझं अभिनंदन केलं. ते उडायचे थांबेपर्यंत मी बघत राहिलो. मग पुढचा व्यायाम आला. बैठका, पंधरा. मी बाकड्यावरून उठलो आणि जागा करून दिली.