महादेवरावांचं पान

सिंदी रेल्वेच्या बाजारात मंदाबाईंची बिनकाट्याची वांगी टोपलीतून खाली उतरायच्या आत संपत. वीस वर्षं बी निवडून त्यांनी ती जात घडवली होती. मोठे दीर महादेवराव मात्र कृषी मेळाव्यात 'माझं वाण' म्हणत शाल-श्रीफळ घेऊन आले. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही, ही घरची रीत. मंदाबाई बोलल्या नाहीत, विसरल्याही नाहीत.

साठी उलटल्यावर नातीची, आचलची, अर्धी कोरी वही घेऊन त्या घरच्यांसाठी आपलं आयुष्य लिहू लागल्या. भासऱ्याचं जे नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं, ते त्यांनी बापाच्या नावासकट पुरतं लिहिलं.

इकडे महादेवरावांच्या वांग्यांना काटे आले, चव कडवट झाली. फुलं उमलण्याआधी त्यांवर मलमलीची पुरचुंडी बांधावी लागते, नाहीतर माश्या दुसऱ्या वावरातला पराग आणतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? बियांची रीत वहीत आहे, एवढं कानावर आलं आणि ते एका रविवारी येऊन अंगणात बसले.

"आचल, बियाचं पान वाच वं."

मंदाबाईंनी पदर ओढला. "आचल, तुह्या आजोबाले सांग, पयल्या पानापासून आयका लागते. अन् सगळ्यायले बोलाव."

दोन्ही मुलं, सुना, शेजारच्या शकुबाई जमल्या. आचल वाचत गेली. माहेर, लग्न, पहिली वाफ्यातली रोपं. मग मेळावा आला, आणि महादेवरावांचं नाव.

"हे सोड, पुढचं वाच," महादेवराव म्हणाले.

"आचल, काऊन थांबली? मोठ्यानं वाच. म्हाताऱ्या मानसाले कमी आयकू येते."

शकुबाईंनी तोंडाला पदर लावला. आचलनं ते पान पुन्हा वाचलं, एकेक शब्द सुटा करून. महादेवराव खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. त्या मानेकडे बघताना मंदाबाईंना दया आली नाही. किती वर्षं ही मान ताठ पाहिली होती!

"झालं? आता बियाचं..." ते पुटपुटले.

मंदाबाईंनी वही काढून घेतली. "आचल, आजोबाले म्हन, मोरचं बियाचं पान घरच्या सुनायसाठी हाय."

ते गेल्यावर मंदाबाईंनी पेन मागितलं. वहीत तारीख घातली आणि अंगणात कोण कोण बसलं होतं, त्यांची नावं एकाखाली एक लिहिली. उद्या कोणी म्हणायला नको, असं काही झालंच नाही.