समोरासमोरचे बोल्ट

"शिकलेले दिसता!" ही मिस्त्रींची सगळ्यात मोठी शिवी. आनंदनगरच्या आमच्या केमिकल कारखान्यात चामटोलीहून येणारे ते कंत्राटी फिटर. स्वस्तातलं गॅस्केट आणणारा खरेदी अधिकारी असो की गेटात गाडी आडवी लावणारा ड्रायव्हर, सगळ्यांना ही एकच शिवी. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल आणि माझ्यासारखेच मनातून चिडलाही असाल.

मला ती पहिल्याच आठवड्यात मिळाली. दोन पाइपांची तोंडं जोडणाऱ्या जाड लोखंडी चकत्या म्हणजे फ्लँज. मध्ये गळती रोखणारं गॅस्केट, कडेनं आठ बोल्ट. मिस्त्रींनी बोल्टांवर खडूनं आकडे घातले होते. एकच्या थेट समोर दोन, मग आडव्यात तीन, त्याच्या समोर चार. मला तो गबाळेपणा वाटला. मी पडलो इंजिनिअर! ते पुसून मी ओळीनं एक ते आठ लिहून काढले.

"शिकलेले दिसता! बोल्टांची हजेरी घ्यायची हाय का?" मग पाना माझ्या हातात देत म्हणाले, "एका कडेनं आवळत गेलात तर चकती कलते. हिकडं गॅस्केट चेंगरतं, तिकडं मोकळं ऱ्हातं. समोरासमोर घ्या, थोडं थोडं. तीन फेऱ्या."

आमच्या मॅनेजरांना पाना कुठल्या बाजूनं धरतात हेही ठाऊक नसावं. घड्याळ मात्र उत्तम कळायचं. एका दुपारी त्यांना गरम कॉस्टिकची, म्हणजे कातडी जाळणाऱ्या क्षाराची, लाइन ताबडतोब सुरू करून हवी होती.

"बोल्टांची एकच फेरी झालीय. मी वॉल नाय उघडनार," मिस्त्री म्हणाले.

"मग उद्यापासून येऊ नका." मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुम्ही उघडा."

मी व्हॉल्व्ह उघडला. लाचार व्हायला पदवी कधी आड येत नाही. जोडातून फवारा उडाला. मिस्त्रींनी मला मागं खेचलं आणि माझ्या तोंडावर येणारं कॉस्टिक त्यांच्या हातावर घेतलं. कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली.

'फिटरने बोल्ट नीट आवळले नाहीत,' असं मॅनेजरांनी अहवालात लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली, नावापुढे पदवीसकट. त्या सहीची मला आजही किळस येते.

मिस्त्री पुन्हा कारखान्यात आले नाहीत. परवा कात्रपच्या बाजारात दिसले, भर उन्हात लांब बाह्यांची बटणं लावलेली. मी मुद्दाम समोर जाऊन उभा राहिलो, निदान ती शिवी तरी देतील म्हणून. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, भाजीची पिशवी चांगल्या हातात घेतली आणि बाजूनं निघून गेले.